फूलवालीचा सिनेमा आणि माझा तक्ता

साठ सालाच्या आगेमागे मी बेंगळुरात शिक्षक-प्रशिक्षणाच्या कॉलेजात शिकत होते. आमचे एक सर वर्षभर परदेशात राहून आले होते आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले होते. एक, चावी भरून चालवायचा फिल्म कॅमेरा. दुसरी, दिसेल त्या गोष्टीचा तक्ता करायची सवय. कॅमेऱ्याने मला काही त्रास दिला नाही. तक्त्यापायी मात्र माझे तीन महिने गेले.

सरांनी वर्गाचे गट पाडले आणि आमच्या गटाला चित्रपट काढायचं काम दिलं. दहा-बारा मिनिटांचा, मुका. गटात आम्ही तिघं. मी, कन्नड बोलणारी एक मैत्रीण, जिचा चित्रकलेत हात चांगला होता, आणि बेळगावकडच्या खेड्यातून आलेला एक मुलगा. त्याने दोन वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली होती, म्हणून तो आमच्याहून थोडा मोठा. कॅमेरा त्याने पहिल्याच दिवशी हातात घेतला आणि तो मग कुणाला दिलाच नाही.

"चित्रपट काढणं हे अर्धं काम," सर म्हणाले. "तो बघायला माणसं यायला हवीत. आणि ती कशामुळे आली हे आपल्याला कळायला हवं. आधी नियोजन, मग प्रचार, शेवटी मूल्यमापन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खेळ चामराजपेटेतल्या शाळेच्या हॉलमध्ये होईल. तू तिथलीच ना? मग प्रचार तुझ्याकडे."

मी तिथलीच. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की कन्नड. गल्लीतल्या प्रत्येक घरी माझं येणंजाणं होतं. एवढ्यावर मी जाहिरात करायला लायक ठरले. मला वाटलं, चार कागद चिकटवायचे, दोन घरी सांगायचं, झालं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की कागद चिकटवण्याआधी कागदांची योजना लिहायची असते. उद्दिष्ट काय, प्रेक्षक कोण, साधनं कोणती, कुठलं साधन कुठल्या प्रेक्षकासाठी. मी लिहिलं, "प्रेक्षक: चामराजपेटेतली माणसं." सरांनी लाल पेन्सिलीने खाली रेघ मारली. "माणसं म्हणजे कोण? वर्गीकरण कर." मी गृहिणी, विद्यार्थी, दुकानदार, नोकरदार असे चार वर्ग केले. परत लाल रेघ. "गृहिणी शिकलेल्या की न शिकलेल्या?" असं करत ती योजना मी चार वेळा लिहून काढली. चौथ्या वेळी माझ्या आईने विचारलं, "अगं, लग्नाची यादी तरी इतक्यांदा करतात का?"

आणि एवढं सगळं कशासाठी, तर ज्या चित्रपटाचं नावही मला ठाऊक नव्हतं त्याच्यासाठी!

विषय ठाऊक होता. आमच्या भागात घरोघर फुलं घालणारी एक बाई होती. सगळे तिला हूवम्मा म्हणत, म्हणजे फुलांची आई. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत. डोक्यावर टोपली, टोपलीत मोगरा आणि अबोलीचे गजरे. मापायची हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. तिचा एक दिवस दाखवायचा असं ठरलं होतं. बेळगावकर तीन आठवडे रोज सकाळी कॅमेरा घेऊन तिच्यामागे गल्ल्यागल्ल्यांतून हिंडला. पण नाव?

"नाव आत्ताच कशाला पायजे?" तो म्हणाला.

"अहो, हस्तपत्रक छापायचंय. वर काय लिहू?"

"'एक दिवस' असं लिवा की."

मी लिहिलं. दोन दिवसांनी त्याने निरोप पाठवला, ते नको, 'हात' असं ठेवूया. आणखी चार दिवसांनी म्हणाला, नाव नसलेलंच बरं.

"मग लोकांना काय सांगू? काय बघायला या म्हणू?"

"माणसाबद्दल हाय म्हणून सांगा. बघतील की."

"निदान मला तरी दाखवा ना थोडा!"

"पुरा झाल्यावर," तो म्हणाला आणि कॅमेरा काखेत मारून निघून गेला. त्याला ओरडून बोलावं तर कॉलेजात आम्ही मुली इन मिन सात-आठ. मी दात आवळून वर्गात परतले.

शेवटी माझ्याच अकलेने 'हूवम्माचा एक दिवस' असा मजकूर कन्नडमध्ये लिहिला. चित्रपट, प्रवेश मोफत, रविवारी दुपारी चार वाजता, अमुक शाळा. तो कागद बाजाराजवळच्या एका छोट्या छापखान्यात देऊन आले. तीन दिवसांनी गठ्ठा आणायला गेले आणि वरचाच कागद उचलून दारातल्या उजेडात नेला. मजकूर माझाच होता. पण त्याच्या डोक्यावर, अर्ध्या कागदावर, एक नटी होती. मान वाकडी, डोळे अर्धे मिटलेले, केसात गुलाब.

"ही कोण?" मी विचारलं.

"असाच ठसा आहे," छापखानेवाले अण्णा म्हणाले. "सिनेमा म्हटलं की बाईचं चित्र हवंच. नाहीतर कोण बघणार? तुमच्यासाठी चांगला निवडून घातला."

त्यांनी ते इतक्या प्रेमाने सांगितलं की रागवताही येईना. परत छापायला वेळ नव्हता. मैत्रिणीने नटीवर काळी शाई फासून बघितली, तर तो कागद मयताच्या बातमीसारखा दिसायला लागला. शेवटी नटीसकट ते कागद तसेच वाटून टाकले.

त्या नटीचं पुढचं प्रकरण जटक्यावाल्याने केलं. योजनेत 'फिरती दवंडी' असं एक साधन होतं. त्यासाठी एक घोड्याचा जटका आणि पत्र्याचा भोंगा ठरवला होता. काय ओरडायचं ते मी लिहून दिलं होतं. पण जटक्यावाल्याला वाचता येत नव्हतं, चित्र मात्र दिसत होतं. शनिवारी मी गॅलरीत उभी असताना जटका आमच्या गल्लीत आला आणि भोंग्यातून आवाज आला, "नवा सिनेमा! फुकट! गाणी आहेत, नाच आहे! या, या!"

मी पायऱ्या उतरून खाली पोचेपर्यंत जटका कोपऱ्यावरून वळलासुद्धा.

खेळाच्या दिवशी मी तीन वाजल्यापासून हॉलच्या दारात टेबल घेऊन बसले. समोर सरांनी मंजूर केलेला तक्ता. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "तुम्हाला या खेळाविषयी कशामुळे कळलं?" आणि योग्य त्या रकान्यात रेघ मारायची. रकाने पाच: भित्तिपत्रक, हस्तपत्रक, दवंडी, शाळेतली सूचना. पाचवा रकाना मी पानाच्या कडेला अगदी अरुंद आखला होता. इतर.

आधी तरुण पोरांचा घोळका आला. दवंडी, दवंडी, हस्तपत्रक, दवंडी. त्यांच्या डोळ्यांत नाचगाण्याची आशा होती, म्हणून मी वर न बघता रेघा मारल्या. मग बायका यायला लागल्या. एकटीदुकटी नाही, अख्खी घरं. सासू, सुना, लेकी, कडेवर पोरं, सगळ्यांच्या डोक्यात ताजे गजरे, अंगावर कपाटातली लुगडी.

"कशामुळे कळलं?" मी पहिलीला विचारलं.

"हूवम्मा सांगून गेली."

इतर. दुसरी म्हणाली, हूवम्मा. तिसरीने माझ्याकडे असं बघितलं की काय वेडी मुलगी आहे, आणि म्हणाली, "हूवम्मा. आणखी कोण?" अर्ध्या तासात तो अरुंद रकाना भरला. मी समासात शिरले, मग पान उलटलं. भित्तिपत्रकाखाली चार रेघा होत्या, त्यातली एक मैत्रिणीच्या वडिलांची. ती भित्तिपत्रकं तिने रात्रंदिवस बसून रंगवली होती. ती माझ्या शेजारी उभी राहून रेघा मोजत होती.

चार वाजायला आले तेव्हा हूवम्मा स्वतः आली. डोक्यावर टोपली नाही. अंगावर जांभळं रेशमी लुगडं, बहुधा लग्नातलं. बरोबर बहीण आणि भाचेसून. ती टेबलाशी थांबली. मी सवयीने पेन्सिल उचलली आणि तशीच राहिले. हिला काय विचारणार? आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की हिला आमच्यातल्या कुणीच बोलावलं नव्हतं. चार वेळा योजना लिहिली, गृहिणींचे दोन वर्ग केले, आणि जिचा सिनेमा तिचं नाव त्या योजनेत कुठेच घातलं नाही.

"काय पुट्टी," म्हणजे काय गं पोरी, ती म्हणाली, "मला लिहून नाही घेत?"

माझा चेहरा तापला. "तुम्ही पुढे बसा अम्मा," एवढंच म्हणाले. मागे वळून बेळगावकराला विचारलं, "तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?"

"मला वाटलं तुमी सांगितला असशीला. प्रचार तुमच्याकडं न्हवं का?"

खिडक्यांवर घोंगड्या लावून अंधार केला आणि खेळ सुरू झाला. पडद्यावर टोपली. मग हात. मग बराच वेळ पुन्हा हात, दोरा, फुलं, हात. मागच्या रांगेतल्या पोरांनी दोन मिनिटं कळ काढली. मग एकजण ओरडला, "हिरॉइन कुठंय?"

हॉलमध्ये हशा पिकला. सर पुढे अस्वस्थ होऊन उठले. तेवढ्यात पहिल्या रांगेत हूवम्मा उभी राहिली, मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाने!" म्हणजे, मीच!

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की यंत्राचा आवाज ऐकू येईना. आणि त्यानंतर ती खाली बसलीच नाही. चित्रपट मुका होता, तिने त्याला वाचा दिली. "ही पहाट नव्हे हां, आठ वाजले होते, हा पोरगा उशिरा आला." "हे हात माझे नव्हेत, माझ्या बहिणीचे. त्या दिवशी मला ताप होता." ज्या हातांवर बेळगावकर चार चार वेळा थांबला होता ते हात बहिणीचे निघाले. तो यंत्राशेजारी उभा होता. अंधारातही मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि खरं सांगते, त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं. एकेक दार पडद्यावर आलं की हॉलच्या एकेका कोपऱ्यातून आरोळी उठायची. "आमचं दार! आमची रांगोळी! बघा, बघा, अत्ते, तुम्ही!" एक सून सासूला हलवून सांगत होती.

सोमवारी तक्ता घेऊन मी सरांकडे गेले. आमचा खेळ गाजला होता, हॉल भरला होता. मला वाटलं, शाबासकी मिळेल. सरांनी पान बघितलं, उलटलं, पुन्हा बघितलं.

"हे काय? 'इतर' सगळ्यांहून जास्त?"

"हो सर. फूलवालीने घरोघर सांगितलं."

"ती तुझ्या योजनेत कुठे आहे?"

"नाही, सर."

"मग मी मूल्यमापन कशाचं करू? जे साधन योजलं नव्हतं त्याचं?" त्यांनी पेन्सिल उचलली. "'इतर' इतकं मोठं निघालं म्हणजे तक्ता चुकला. जा, ते फोडून आण. तिने काय सांगितलं, कुणाला, किती दिवस. मगच अहवाल घेईन."

मला इतका संताप आला की जिन्यावरून उतरताना मी तो तक्ता चुरगाळला, आणि पुन्हा उलगडून सरळ केला, कारण दुसरी प्रत नव्हती. सर्वांत जास्त राग याचा आला होता की सरांचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हूवम्मा आमच्या दारात आली तेव्हा मी वही घेऊन पायरीवर बसले. "अम्मा, तुम्ही सगळ्यांना काय सांगितलंत?"

ती रोजच्यासारखी हसली नाही. "तुझ्या आईने कागद वाचून दाखवला तेव्हापासून सांगत होते. सिनेमा बघायला या, एवढं म्हणून कोण येतं? मी म्हटलं, तुमचं दार येणार आहे. ज्या ज्या दारात त्या पोराने तो डबा फिरवला, त्या प्रत्येकीला सांगितलं. त्यांनी नात्यागोत्यातल्यांना बोलावलं."

मी भराभर लिहून घेत होते. ती गजरा मापता मापता थांबली.

"तीन दारं आलीच नाहीत, पुट्टी."

"म्हणजे?"

"त्या तिघीजणी पाहुणे घेऊन आल्या होत्या. शेवटपर्यंत बघत बसल्या. आता मला म्हणतात, तू खोटारडी. काल एकीने माझ्या तोंडावर दार लावलं. तिघींनी फुलं बंद केली." तिने गजरा आईच्या हातात दिला. "मी खोटं बोलले नव्हते. मी तिथे उभी होते. डबा खर्रर्र वाजत होता."

वही मिटून मी तडक कॉलेजात गेले आणि बेळगावकराला व्हरांड्यात गाठलं.

"तीन घरं तुम्ही कापलीत?"

"कापली. लई लांब होत होतं. आन् एक तर फोकस गेलेलं."

"त्या बायका नटूनथटून उभ्या राहिल्या होत्या!"

"तसल्या नटलेल्या बायका त्यात बसत न्हवत्या वो. खरेपणा जातो."

"खरेपणा? आणि बहिणीचे हात?"

मी आवाज चढवला होता, दोन-तीन मुलं थांबून बघायला लागली होती आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "तुम्ही नाव दिलं नाहीत. चित्रपट दाखवला नाहीत. जिच्यामागे तीन आठवडे फिरलात तिला बोलावलं नाहीत. आता तिची तीन घरं तुटली. ते तुकडे कुठे आहेत?"

"डब्यात हायत," तो हळूच म्हणाला. "फेकवलं न्हाई."

अहवाल मी सगळं लिहून दिला. दारांचं, कापलेल्या घरांचं, हूवम्माला न बोलावल्याचंही. सरांनी शेवटच्या पानावर शेरा मारला, "निरीक्षण चांगले. नियोजन कच्चे." मला गुण बेताचे मिळाले. बेळगावकराला वर्गात सर्वांत जास्त, कारण प्रेक्षकांचा प्रतिसाद उत्तम होता. मैत्रिणीची भित्तिपत्रकं मात्र सरांनी कॉलेजच्या भिंतीवर लावली, तेवढा एक न्याय झाला.

परीक्षा संपल्यावर एका दुपारी आम्ही तिघांनी कॉलेजचं यंत्र मागून आणलं. सर द्यायला तयार नव्हते. "हा उपक्रमाचा भाग आहे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

आमच्या माजघरात धुतलेली चादर टांगली, खिडक्यांना सतरंज्या लावल्या. त्या तीन घरी बोलवायला मी स्वतः गेले. एकीने उंबऱ्यातच विचारलं, "या खेपेला तरी आहे का आमचं दार?" मी म्हटलं, "तुमचंच आहे, दुसरं काहीच नाही." हूवम्मालाही आधी जाऊन सांगितलं. ती आली, पण दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली, बसेना.

तुकडे जोडून सगळे मिळून दीड-दोन मिनिटांचे. पहिली बाई पडद्यावर आली, पदर सावरला, गजरा घेऊन केसात माळला, संपलं. दुसरी आली, कॅमेऱ्याकडे बघून लाजली, आत पळाली. तिसरीच्या वेळी फोकस तर गेलेला होताच, शिवाय बेळगावकराचा हात खाली झुकला होता. दिसले ते फक्त उंबरा आणि दोन पाय.

तिसरी बाई, जिने दार लावलं होतं तीच, पुढे सरकून बसली.

"हे पाय माझे?"

"तुमचेच," बेळगावकर घशातल्या घशात म्हणाला.

"जोडवी माझी आहेत," ती म्हणाली. "होय. माझेच. परत लावा बघू."

परत लावलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा यंत्र उलटं फिरलं आणि पहिल्या बाईच्या केसातला गजरा सुटून हातात आला, हातातून टोपलीत गेला. अख्खी खोली हसून लोटपोट झाली. हूवम्मा भिंत सोडून आत आली आणि त्या तिसरीच्या शेजारी बसली. तिसरी सरकली, जागा दिली, वर मान न करता म्हणाली, "उद्या दोन मोळ आण. पाहुणे आहेत."

"सरी," म्हणजे बरं, हूवम्मा म्हणाली.

माझी मान अवघडली होती. यंत्र तापून जळका वास येत होता, सहा वाजेपर्यंत ते कॉलेजात परत द्यायचं होतं. बेळगावकर घामाने चिंब होऊन फिल्म गुंडाळत होता आणि तिघीजणी एका सुरात ओरडत होत्या, "स्वल्प थांबा, अजून एकदा! उलटं लावा, उलटं!"